आधी राखीव पैसा, मग परतावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनिश्चित काळात पैसे कुठे गुंतवावेत, यावर सध्या रकानेच्या रकाने छापून येत आहेत. सोने घ्यावे की शेअर, घसरणीत खरेदी करावी की थांबावे, याचीच चर्चा. पण नोकरी गेली तर पुढच्या महिन्याचा हप्ता कोणत्या खात्यातून जाणार, हे त्यात क्वचितच विचारले जाते. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात पहिला प्रश्न तोच असतो. म्हणून हे पत्र.

मंदीत संकटे एकेकटी येत नाहीत. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला. घरांच्या किमतीही पडल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथली बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. पगार थांबला म्हणून ज्यांना गुंतवणूक मोडावी लागली, त्यांना ती पडत्या भावातच मोडावी लागली. निर्देशांकाने जुनी पातळी २०१३ मध्ये पुन्हा गाठली खरी, पण घरखर्चाला वेगळा पैसा नसलेल्याला तोवर कसे थांबता येणार? 'दीर्घकाळ थांबा' हा सल्ला चुकीचा नाही. मात्र थांबण्याची सोय आधी करावी लागते, हे कोणी सांगत नाही.

तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, हा नेहमीचा आडाखा. माझ्या मते तो पगारावरून न काढता टाळता न येणाऱ्या खर्चावरून काढावा: घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, किराणा, औषधे, मुलांची फी, वीज, विमा. ज्यांची कमाई दर महिन्याला कमी-जास्त होते, त्यांना सहा महिनेही अपुरेच. हा पैसा हवा तेव्हा काढता आला पाहिजे. त्यावर व्याज कमी मिळते आणि महागाई तो कुरतडत राहते, हे मान्य. महागाई सातत्याने ६ टक्के राहिली, तर सुमारे १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणून सगळीच बचत तिथे ठेवू नये. पण एवढ्या रकमेकडून कमाईची अपेक्षाच धरू नये.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर मात्र क्रम बदलतो. बिलावरची 'किमान देय रक्कम' भरली की माणूस निश्चिंत होतो. उरलेल्या रकमेवर दरमहा ३ टक्के व्याज लागत असेल, तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जाते. काहीच न भरल्यास दोन वर्षांत देणे दुप्पट होते. एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक कुठेही नाही. तेव्हा महिनाभराचा खर्च हाताशी ठेवून बाकी सगळा जोर थकबाकी फेडण्यावर लावावा. नवी गुंतवणूक काही महिने थांबली तरी चालेल.

लहानसहान हौस सोडा, असे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घराचे बजेट कोलमडते ते घरभाडे, कर्ज आणि वाहन यांच्या ओझ्याखाली. शिवाय विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीची देखभाल, नव्या वर्षाची फी यांना आपण अचानक आलेला खर्च म्हणतो. खरे तर त्यांच्या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. या सगळ्यांची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच आपोआप वेगळ्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी.

आणि हे सगळे घरातल्या एकालाच माहीत असू नये. पती-पत्नींनी तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर घेऊन ओळ न ओळ वाचावी. कोणीही वापरत नसलेल्या ॲपचे पैसे दर महिन्याला कापले जात असल्याचे तिथेच सापडते. त्याच बैठकीत खाती, विमा, कर्जे आणि नॉमिनीची नोंद कुठे आहे, हेही एका वहीत उतरवून होते.

आपल्या अर्थविषयक पानावर कोणत्या योजनेने किती परतावा दिला, याचा तक्ता नियमित असतो. त्याच्या शेजारी राखीव निधी कसा उभारावा आणि कर्ज कोणत्या क्रमाने फेडावे, यावर कमी पगाराच्या कुटुंबांना उपयोगी पडेल असे सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक