हेनिक्सबाईंचा मुलतानी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

स्वीडिश संगीतकार हेनिक्सबाईंचं आधी काय ऐकावं, असं विचारलं होतंस. ‘द इलेक्ट्रिक हार्प्सिकॉर्ड’ घे. मार्च १९७६, स्टॉकहोमचं मॉडर्ना म्युझीट हे कलासंग्रहालय, जेमतेम पंचवीस मिनिटं. मुळाशी राग मुलतानी आहे. पण आलाप, बंदिश शोधायला गेलास तर हाती काही लागणार नाही. तानपुरा लागल्यावर त्याच्या नादातच राग दिसू लागला तर कसं, तसं ते आहे.

कॅथरीन क्रिस्टर हेनिक्स यांचा जन्म स्टॉकहोमचा, १९४८चा. लहानपणी जॅझचे ड्रम्स, मग साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच ईएमएस या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत काम. पुढे अमेरिकन संगीतकार ला मॉन्ट यंग यांची आणि पंडित प्राणनाथांची गाठ पडली, आणि बाई प्राणनाथांकडे शिकल्या. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द, म्हणजे किराणा घराण्याचेच. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं असं स्वीडनपर्यंत पोचलं, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

सामग्री मोजकीच: शुद्ध श्रुतींत लावलेले यामाहाचे कीबोर्ड, साइन लहरींचे (नुसत्या एकेका स्वराचे) जनरेटर आणि टेप डिले, म्हणजे फितीवरून उशिरा परतणारा आवाज. खरी मेहनत स्वर लावण्याची. घरी करून बघ. षड्ज १४४ हर्ट्झ धर. पंचम त्याच्या दीडपट, २१६. कोमल रिषभ १५३.६, कोमल गंधार १७२.८, तीव्र मध्यम २०२.५, कोमल धैवत २३०.४, निषाद २७०. साध्या कीबोर्डवर तोच गंधार १७१.२५च्या आसपास पडतो. षड्जासोबत धरलास की सेकंदाला सात-आठ वेळा डोलतो, म्हणजे आवाज लहान-मोठा होत राहतो. पंचम मात्र दोन सेकंदांत एकदाच डोलेल, म्हणून तो खपून जातो.

एक चूक हमखास होते: थेट साइन लहरीवर स्वर लावणं. तिच्यात स्वयंभू स्वर (मूळ स्वरासोबत आपसूक उमटणारे वरचे स्वर) नसतात, त्यामुळे ढळलेला पंचमही फारसा डोलत नाही आणि लागलाच असं वाटतं. आधी सॉटूथवर, म्हणजे स्वयंभू स्वर असलेल्या करवती लहरीवर लाव, मग साइनवर ये. जुना अ‍ॅनलॉग जनरेटर असेल तर अर्धा तास तापू दे. थंड असताना लावलेला स्वर तापल्यावर सरकतो.

टेप डिलेसाठी दोन स्पूल रेकॉर्डर लागतात. एकावर मुद्रण, फीत तशीच पुढे दुसऱ्यावर, तिथून आवाज परत पहिल्याकडे. दोन्ही रेकॉर्डरांच्या हेडांत (फीत जिथे घासून जाते तो भाग) १५२ सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला १९ सेंटिमीटर वेग ठेवलास तर उशीर आठ सेकंदांचा. परतणारा आवाज मुळापेक्षा कमीच ठेव, नाहीतर प्रत्येक फेरीत फुगत जाऊन शेवटी नुसता गोंगाट उरतो. कमी ठेवला तरी फितीचा खरखराट साचतोच. आणि फीत ०.२ टक्के जरी डगमगली, तरी ४३२ हर्ट्झचा स्वर जवळपास एक हर्ट्झने हलतो. स्थिर साइनशेजारी ते लगेच कळतं. मला तर त्या हलण्यातच तानपुऱ्याची जवारी ऐकू येते.

कारकीर्द म्हणशील तर ती सरळ रेषेत नाही. मैफलींपेक्षा गणित आणि तर्कशास्त्र बाईंना जास्त काळ पुरलं. हे १९७६चं ध्वनिमुद्रण बाजारात आलं २०१० साली, चौतीस वर्षांनी! उत्तरकाळात बर्लिनमध्ये ‘कोरासान टाइम-कोर्ट मिराज’ हा वाद्यवृंद उभा केला, मकाम या अरबी-तुर्की स्वरपद्धतीकडे वळल्या, शेवटी इस्तंबूलला राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथेच गेल्या.

हेडफोन लावू नकोस. १४४ हर्ट्झची लहर २.४ मीटर लांब असते. खोलीत साठेक सेंटिमीटर सरकलास की एक स्वर दबतो, दुसरा वर येतो. त्यामुळे स्पीकरवर लाव आणि फिरत ऐक. आवाज मध्यम ठेव. मुलतानी आहे, तेव्हा दुपारी तीननंतर.

तुझा,
अविनाश