विज्ञानकथा कॉमिक्सच्या एकत्रित खंडातील पानांची मांडणी, रंग आणि बांधणी यांबाबत तक्रार

प्रति,
निर्मिती संपादक आणि ग्राहक सेवा विभाग

विषय: सहा अंकी विज्ञानकथा मालिकेचा एकत्रित खंड १ (पुठ्ठा बांधणी, १४४ पाने) – सदोष निर्मिती व चुकीचे वर्णन

महोदय / महोदया,

या खंडाच्या वेष्टनावर तीन दावे छापलेले आहेत: मूळ अंकांबरहुकूम, संपूर्ण आणि शिवण बांधणी. तिन्ही खरे नाहीत. ग्राहक सेवा विभागाने कळवले की सगळ्या प्रती अशाच आहेत, त्यामुळे याला प्रतीतला दोष म्हणता येणार नाही आणि प्रत बदलून मिळणार नाही. दोष सगळ्याच प्रतींत असेल तर तो छपाईला जाण्याआधीच झाला आहे, म्हणून हे पत्र निर्मिती विभागालाही लिहीत आहे.

सर्वांत गंभीर दोष पानांच्या मांडणीचा आहे. पुस्तकात सम क्रमांकाचे पान डावीकडे आणि विषम उजवीकडे येते. दोन पानांवर पसरलेले चित्र त्यामुळे सम पानावरच सुरू व्हायला हवे. आपल्या खंडात पृष्ठ ३१–३२, ७७–७८ आणि १२३–१२४ ही तीन जोडचित्रे विषम पानावर सुरू होतात. म्हणजे चित्राचा डावा अर्धा भाग उजव्या पानावर आणि उरलेला त्याच कागदाच्या पाठीवर. दुसऱ्या अंकात कक्षेतले स्थानक पहिल्यांदा दिसते, ते या पद्धतीने कुणालाही अखंड पाहता येणार नाही. पान उलटले की पहिला अर्धा भाग नजरेआड होतो.

हे का झाले तेही खंडातच दिसते. प्रत्येक अंकाची कथा २२ पानांची आहे आणि आपण प्रत्येक कथेआधी तिचे मुखपृष्ठ घातले आहे. एकूण २३, विषम संख्या. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ पृष्ठ ६ वर, म्हणजे डावीकडे आहे, त्यामुळे कथा ७ वर उजवीकडे सुरू होते आणि सगळे नीट बसते. पण मग दुसऱ्या अंकाचे मुखपृष्ठ २९ वर उजवीकडे जाते, कथेचे पहिले पान ३० वर डावीकडे येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानांवरचे जोडचित्र तुटते. तिसरा अंक पुन्हा ठीक, चौथा पुन्हा बिघडलेला, सहावाही तसाच. २, ४ आणि ६ या तिन्ही अंकांची कथा उलट्या बाजूने सुरू झाली आहे.

पाचव्या अंकातले पृष्ठ ११३–११४ वरचे जोडचित्रही तुटले आहे, पण त्याचे कारण निराळे. मूळ अंकात कथेच्या तेराव्या आणि चौदाव्या पानांमध्ये एक पानभर जाहिरात होती. ती काढली हे योग्यच, परंतु तिच्यामुळे पुढची पाने एका घराने सरकत होती, हे मांडणी करणाऱ्याच्या लक्षात आले नाही. जाहिरात गेली आणि पंधरा-सोळावे पान समोरासमोर राहिले नाही.

जोडचित्रांइतकेच नुकसान पान उलटण्याच्या क्षणांचे झाले आहे. कॉमिक्सचा चित्रकार उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत उत्कंठा ठेवतो आणि उत्तर पाठीमागे, पुढच्या डाव्या पानावर देतो. बाजू बदलली की उत्तर समोरच दिसते, वाचकाची नजर तिथे आधी जाते आणि चौकटीतली भीती संपते. चौथ्या अंकात हवाबंद दार उघडल्यावर आत काय आहे, हे दार उघडण्याआधीच दिसते. पानांची जागा हा कथेचाच भाग असतो. वॉचमेन या कॉमिक्सच्या पाचव्या प्रकरणात २८ पानांची मांडणी आरशासारखी आहे आणि १४–१५ ही समोरासमोरची पाने तिचा मध्य आहेत. तिथे एक पान सरकवले तर सगळी रचनाच ढासळेल. आपल्या मालिकेच्या चित्रकारानेही पाने मोजूनच काम केलेले आहे.

दुरुस्तीसाठी एकही जादा पान लागत नाही. सध्या शेवटचे पृष्ठ १४४ कोरे आहे. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ ६ वर राहू द्यावे. दुसऱ्या ते पाचव्या अंकांची मुखपृष्ठे खंडाच्या शेवटी १४१ ते १४४ वर न्यावीत. मग दुसरा अंक २९ वर, तिसरा ५१ वर, चौथा ७३ वर आणि पाचवा ९५ वर सुरू होतो, सगळे उजवीकडे. पाचव्याचे तेरावे पान १०७ वर येते. १०८ वर एक पान मोकळे सोडावे. मग चौदावे पान १०९ वर जाते आणि जोडचित्र ११०–१११ वर समोरासमोर येते. पाचवा अंक ११७ वर संपतो, ११८ वर सहाव्याचे मुखपृष्ठ घालावे आणि कथा ११९ पासून १४० पर्यंत जाते. एकूण १४४ पानेच राहतात, १६ पानी नऊ फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे), म्हणजे कागद तेवढाच. १०८ वर काय घालायचे याचेही उत्तर तयार आहे: पाचव्या अंकातले वाचकांच्या पत्रांचे पान, जे आपण वगळले आहे.

पत्रांची पाने वगळून खंडाला संपूर्ण म्हणता येत नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या अमेझिंग स्टोरीज मासिकात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात, त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि विज्ञानकथेचे चाहतेमंडळ उभे राहिले. कॉमिक्सने तीच परंपरा पुढे चालवली. या मालिकेच्या पत्रांमध्ये वाचकांनी यानाच्या फिरण्याचा वेग आणि त्यातून निर्माण होणारे कृत्रिम गुरुत्व यांवर लेखकाशी वाद घातला आहे आणि लेखकाने चौथ्या अंकात तो मुद्दा दुरुस्त केला आहे. पत्रे नसतील तर ती दुरुस्ती कुठून आली हे नव्या वाचकाला कळणार नाही. सगळी पत्रे बसत नसतील तर बसवू नका, पण मग «संपूर्ण» हा शब्द काढा.

आता रंग. मूळ अंक वृत्तपत्री कागदावर छापले गेले. त्या काळच्या पद्धतीत निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शायांच्या २५, ५० आणि १०० टक्के अशा तीनच पायऱ्या मिळत. शाई अजिबात नसणे ही चौथी. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. वृत्तपत्री कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि कागदाचा मळकट पिवळेपणा प्रत्येक रंगात उतरतो. रंगकार हे जाणूनच रंग निवडत असे. तेच आकडे पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत आर्ट पेपरवर छापले की पिवळा डोळ्यांत खुपतो आणि त्वचेचे रंग गुलाबी होतात. पहिल्या अंकात नेमके हेच झाले आहे. यावर दोन साधे उपाय आहेत: अनकोटेड म्हणजे लेप नसलेला, किंचित पिवळसर छटेचा कागद वापरणे, किंवा आर्ट पेपरच हवा असेल तर शायांचे प्रमाण उतरवून त्याच कागदावर चाचणी छपाई घेणे.

तिसऱ्या अंकापासून तर रंग नव्याने भरले आहेत आणि ही बाब खंडात कुठेही नोंदवलेली नाही. मूळ सपाट रंगांच्या जागी छटा, चकाकी आणि धूसर प्रकाश आला आहे. शाईकाराने, म्हणजे चित्रावर शाईच्या रेघा काढणाऱ्याने, छाया आधीच काळ्या रेघांनी दाखवली आहे. तिच्यावर दुसरी छाया चढवल्याने अंतराळवेशाच्या घड्या चिखलासारख्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे अर्थ बदलला आहे. यानात धोक्याची सूचना वाजते तेव्हा मूळ चौकटीत माणसे, भिंती, यंत्रे सगळे एकाच सपाट लाल रंगात आहे आणि फक्त हरवलेल्या वैमानिकाचे रिकामे आसन पांढरे सोडलेले आहे. नव्या रंगात प्रत्येक चेहरा नैसर्गिक, प्रत्येक बटण वेगळे, आसन करडे. नजर कुठे जावी हे रंगकाराने ठरवले होते, ते पुसले गेले.

नवे रंग भरूच नयेत असे माझे म्हणणे नाही. १९८८ च्या द किलिंग जोक या बॅटमन कॉमिक्सचे मूळ रंग जॉन हिगिन्स यांचे आहेत आणि २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतः ते बदलले. कोणाला कोणते आवडतात यावर चाहते भांडतात, पण काम कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या खंडात मूळ रंगकाराचे नाव श्रेयनामावलीतून गेले आहे आणि नव्याचे नाव दिलेलेच नाही. हा दोघांवरही अन्याय आहे.

पहिल्या आणि चौथ्या अंकाच्या काळ्या रेघा छापील प्रतीवरून स्कॅन केलेल्या दिसतात. दहापट भिंगाखाली काळ्या रेघेच्या कडेला रंगीत ठिपके आहेत आणि आकाशाच्या सपाट भागात रेशमी कापडासारखी लहरदार जाळी उमटली आहे. जुन्या छपाईतले ठिपके नव्या छपाईच्या ठिपक्यांवर आदळले की ही जाळी येते. स्कॅन करताना ठिपके पुसट करून ती झाकता येते, पण त्यात बारीक रेघाही विरघळतात, आणि ग्रहाच्या पृष्ठभागावरच्या आडव्या-उभ्या रेघांचा काळा गोळा झाला आहे तो त्यामुळेच. रंगीत चित्राला ३०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरते, शाईच्या रेघेला पुरत नाही. मूळ फिल्म वा प्रूफ मिळत असतील तर ते वापरावेत. नसतील तर रेघा १२०० डीपीआयवर, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात वेगळ्या काढाव्यात आणि सपाट रंग जुन्या अंकातून वाचून पुन्हा भरावेत. काम वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग नाही.

अक्षरांबद्दल थोडक्यात: यानाच्या संगणकाचे संवाद मुळात चौकोनी कडांच्या फुग्यांत होते. पाचव्या अंकात ते माणसांसारख्या गोल फुग्यांत टाकले आहेत. त्या अंकाचे रहस्यच बोलणारा कोण यावर उभे आहे. हे फुगे मूळ आकारात परत आणावेत.

बांधणीचा दावा कुणालाही घरी तपासता येतो. १६ पानी फर्मा शिवला असेल तर त्याच्या मध्यावर, म्हणजे ८–९, २४–२५, ४०–४१ या पानांमध्ये दोरा दिसतो. या खंडात कुठेही दोरा नाही. कण्याच्या बाजूने सगळे फर्मे कापून गरम गोंदाने चिकटवले आहेत. आर्ट पेपरवर हा गोंद नीट धरत नाही, कारण कागदावरचा लेप त्याला तंतूंपर्यंत पोचू देत नाही, आणि पान ओढले की लेपासकट सुटते. शिवाय असा खंड सपाट उघडत नाही. जी जोडचित्रे योग्य जागी आहेत त्यांचाही मधला भाग कण्यात गडप झाला आहे आणि पृष्ठ ५४–५५ वर एका संवादफुग्याची सुरुवातीची अक्षरे वाचता येत नाहीत. कागदाचे तंतू कण्याला समांतर नाहीत, त्यामुळे पाने कण्याजवळ लाटेसारखी वाकली आहेत. शिवण परवडत नसेल तर पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद वापरावा, तो जास्त लवचीक असतो आणि आर्ट पेपरही धरतो. सोबत जोडचित्राचे दोन्ही अर्धे भाग कण्यापासून थोडे बाहेर सरकवावेत.

पार्सल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आले आणि पुठ्ठ्याचे दोन कोपरे चेपले. चारही बाजूंनी मोकळी जागा राहील असा खोका ही किमान गरज आहे.

माझ्या मागण्या अशा. या प्रतीची पूर्ण रक्कम परत करावी, परत पाठवणीचा खर्च कंपनीने करावा. ज्यांनी हा खंड घेतला आहे त्या सर्वांना दुरुस्त आवृत्ती बदलून मिळेल असे जाहीर करावे. तोपर्यंत विक्रीच्या वर्णनातून शिवण बांधणी, संपूर्ण आणि मूळ अंकांबरहुकूम हे शब्द काढावेत आणि तिसऱ्या अंकापासून रंग नवे आहेत असे स्पष्ट लिहावे. मूळ रंगकार आणि नवा रंगकार दोघांची नावे श्रेयनामावलीत घालावीत. दुसऱ्या खंडाच्या छपाईआधी कोऱ्या कागदाची १६ पानी घड्यांची डमी करून तिच्यावर प्रत्येक पानाचा क्रमांक आणि प्रत्येक जोडचित्र लिहून पाहावे, आणि ती डमी मूळ अंक समोर ठेवून कुणीतरी पानागणिक तपासावी.

तुटलेल्या चारही जोडचित्रांची, कण्याची आणि भिंगाखालच्या रेघांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उत्तर लेखी मिळावे आणि त्यात प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही असे स्पष्ट असावे.

कळावे,
खंड १ चा एक ग्राहक