पिनयिनवरील अवलंबन कमी करण्याबाबत सूचना

ठाण्यातील आपल्या चिनी भाषा अभ्यासगटाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, नौपाड्यातील रविवारच्या वर्गात यापुढे सरावपत्रिकांवर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतील उच्चार, लिहू नयेत. एचएसके या चिनी भाषेच्या प्रावीण्याच्या सहा स्तरांच्या परीक्षेत पहिल्या दोन स्तरांना चिनी लिपीतील चिन्हांसोबत पिनयिन छापलेले असते, तिसऱ्यापासून मात्र ते नसते आणि आपली मुले नेमकी याच पायरीवर अडखळतात. मागील वर्गात पिनयिनवर कागदाची पट्टी ठेवताच, एरवी घडाघडा वाचणारी एक मुलगी ‘माय’ या शब्दापाशी थांबली. चिनीत उच्चाराच्या सुरावरून अर्थ बदलतो: तिसऱ्या सुरात ‘माय’चा अर्थ विकत घेणे, चौथ्या सुरात विकणे, आणि लिहिताना फरक एवढाच की विकण्याच्या चिन्हाच्या डोक्यावर अधिकच्या खुणेसारखा दिसणारा चिनी दहाचा आकडा बसतो (बाजारात हा घोटाळा महागात पडावा असाच आहे).

चिनी भाषेच्या प्रावीण्याच्या 2021 च्या मानकांत सहाऐवजी नऊ स्तर आले असून सुरुवातीच्या स्तरांची शब्दसंख्याही वाढली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील 150, 300 आणि 600 शब्दांच्या याद्यांवर विसंबून न राहता, परीक्षा कोणत्या अभ्यासक्रमावर होणार आहे हे पालकांनी नोंदणीपूर्वी तपासावे. शाळेच्या सहामाही परीक्षेच्या काळात नवा धडा घेतला जाणार नाही. घरी रोज दहा मिनिटे पट्टी ठेवून वाचून घ्यावे. पालकांना चिनी येत नसले तरी चालेल.