या महिन्याचा किराणा मी मागवलाय

ती. आई-बाबा, सा.न.

बाबा, आधी चिडू नका, पूर्ण वाचा. या महिन्याचा किराणा मी इथनंच मागवलाय, शनिवारी सकाळी घरपोच येईल आणि पुढच्या महिन्यापासनं पण असाच येणार. विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि परत लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं तेलाचे डबे गाडीच्या पुढ्यात ठेवून आणले असते. जिन्यात चक्कर आली ते मला मावशीकडनं कळलं, तुम्ही दोघांनी एका शब्दानं सांगितलं नाही. त्या रात्री मला झोप नाही.

उधळपट्टी केलेली नाही, हिशोब बघा. छापील किमतीनं सगळं ४,१८० चं होतं. सेलमध्ये ते ३,६४० ला पडलं, त्यावर १५० चं कुपन लावलं, राहिले ३,४९०. मग बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट होती, ३४९ गेले, आणि साठलेल्या पॉइंट्सचे २४१ वळते केले. हातात बिल २,९००. एकेक सूट बघितली तर किरकोळ वाटते, एकावर एक लागली की फरक पडतो. फक्त पुढची सूट आधीच्या उरलेल्या रकमेवर लागते, म्हणजे दहा आणि दहा टक्के मिळून वीस नाही, एकोणीसच होतात. आणि सूट मिळावी म्हणून नको ती वस्तू मी घेत नाही.

आई, हे मी तुझ्याकडनंच शिकलेय गं. चहाच्या पुड्यावरचं कुपन तू कात्रीनं कापून सेफ्टी पिनला अडकवायचीस, पिन तांदळाच्या डब्यात. दहा झाली की आपण दोघी गंगावेशीत जाऊन स्टीलचा चमचा आणायचो. आणि पुडासुद्धा त्यात जादा चहा फ्री असेल तेव्हाच घ्यायचीस, म्हणजे जादा चहा पण आणि कुपन पण. त्यातला एक चमचा माझ्या मिठाच्या बरणीत आहे अजून, दांडा थोडा वाकलाय.

बाबा, क्रेडिट कार्ड म्हणजे कर्ज हे तुमचं बरोबर आहे. बिल थकलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, सगळी सूट त्यातच जाते. म्हणून पूर्ण बिल तारखेला खात्यातनं आपोआप कापलं जाईल असं लावलंय, आजपर्यंत एक रुपया व्याज भरलेलं नाही.

आणि कोपऱ्यावरच्या शेटजींचं माझ्या पण मनात आलं. २०१९ च्या पुरात पाणी ओसरायच्या आधी त्यांनी डाळ-तांदूळ पाठवले होते, पैशाचं नाव काढलं नाही, ते मी कशी विसरेन. म्हणून मी फक्त पॅकबंद मागवलंय, तेल, साबण, पावडर, चहा, तुमची ती मारी बिस्किटं. गूळ, पोहे, शेंगदाणे, डाळी त्यांच्याकडनंच घ्या, पाव-अर्धा किलो करत, चालत जा, गप्पा मारून या. चटणीची मिरची आई निवडेल तीच, त्यात मी पडत नाही. दूध गोकुळचंच.

आता नीट ऐका. सामान आलं की पोराला आत स्वयंपाकघरात ठेवायला सांगा, बाबांनी उचलायचं नाही म्हणजे नाही. पाकिटावरच्या तारखा आईनं बघायच्या, जुनं निघालं तर लगेच मला फोटो. डिलिव्हरीचा ओटीपी माझ्या फोनवर येतो, त्यामुळं तुम्हाला कुणी ओटीपी विचारला तर फोन ठेवायचा. कॅशबॅक आलाय, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं म्हणाला तर तो चोरच, पैसे यायला पिन कधीच लागत नाही. चुकून काही झालंच तर घाबरू नका, मी रागावणार नाही, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन आणि मग मला. आणि बीपीची गोळी सरकारी जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते का ते बघायचंय, पण डॉक्टरांना विचारून, मनानं बदलू नका बाबा.

हे आवडलं नाही तर दोन महिन्यांनी सांगा, बंद करू. पण दोन महिने तरी बघा ना.

आणि पुढच्या महिन्यात या इकडं. एसटीत आईला महिला म्हणून अर्धं, बाबांना पासष्ट झाल्यामुळं अर्धं, दोघांचं मिळून एका तिकिटात होतं. आधार कार्ड विसरू नका. चटणीची बरणी आणा, बाकी काही उचलून आणू नका.

तुमची,
छोटी