पायाखालची फट

नागपूर,
रविवार सकाळ

प्रिय गड्या,

आजोबांच्या फोर्डमध्ये धूर येणं अखेर बंद झालं. काल तुझ्या वहिनीला शेजारी बसवून सेमिनरी हिल्सला नेलं, फुटाळ्यावरून परत आलो. तिचं डोकं दुखलं नाही. मागच्या वर्षी वीस मिनिटांतच "मला उतरव" म्हणाली होती. ही बातमी आधी तुलाच सांगायची होती.

क्लचशेजारची ती फट आठवते ना? आपण दोघं पुढे पालथे पडून तिच्यातून पळता रस्ता बघायचो. त्याच फटीतून इंजिनची झळ, धूळ, धूर सगळं आत येतं. जळक्या तेलाचा वास तरी कळतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, माणसाचं नुसतं डोकं जड होतं. म्हणून आधी एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या नळीच्या, जोडाचं गॅस्केट (सांध्यात बसणारं पॅकिंग) बदललं. धूर निघतो तिथेच अडवायचा, फट बुजवायची ती नंतर.

१९२८ ते १९३१ मधल्या या मॉडेल ए गाड्यांत पुढची जमीन लाकडी फळ्यांची. फळ्या काढल्या की खाली सहा व्होल्टची बॅटरी. तिचं पाणी बघायला फळी उचलावीच लागते, त्यामुळे फट बुजवणारी पट्टी, म्हणजे सील, दोन्हीकडून चिकटवून चालत नाही. चिकटवायचं सोल्यूशन फक्त फळीला लावलं, पत्र्याची बाजू कोरडी ठेवली.

पहिल्या खेपेला माझी मोठी चूक झाली. गादीवाल्याकडचा स्पंज घातला होता. जूनच्या पहिल्याच पावसात तो पाणी पिऊन बसला, फळी फुगली आणि ब्रेकचं पेडल कडेला घासायला लागलं. व्हरायटी चौकात दाबलेलं पेडल लगेच वर येईना. माझे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून ब्रेकभोवतीच्या कामात मी घाई करत नाही.

या खेपेला लकडगंजातून प्लायवूड आणून फळ्या नव्या कापल्या. कडांना उकळलेलं जवसाचं तेल तीनदा पाजलं. लाकूड पाणी पितं ते कडेनंच. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नकोस, त्या आपोआप तापून पेट घेतात. मी अंगणात एकेक पसरून वाळवल्या.

सील किती जाड घ्यायचं हा खरा प्रश्न होता. वहिनीकडून मळलेली कणीक घेतली, छोटे गोळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या कडेनं ठेवले, वर फळी ठेवून स्क्रू आवळले. फळी काढली तर चपट्या झालेल्या गोळ्यांवर फटीचं माप उतरलेलं! कुठे तीन मिलिमीटर, कुठे पाच. त्यावरून सहा मिलिमीटरची मऊ निओप्रीन रबराची पट्टी घेतली, बंद छिद्रांची, पाणी न पिणारी. याहून जाड घेतली असती तर स्क्रू बसलेच नसते आणि फळी मधे उचलली असती.

पेडलांना पातळ रबराचा पडदा केला. आधी पुठ्ठ्यावर नमुना कापला, मग रबरात चीर दिली आणि चिरेच्या दोन्ही टोकांना पंचनं गोल भोक पाडलं, नाहीतर रबर तिथूनच फाटत जातं. खालून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड. पेडल शंभर वेळा तरी दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी आपसूक वर आलं.

रात्री गॅरेजमधले दिवे मालवून गाडीखाली बल्ब ठेवला आणि मी आत बसलो. हँडब्रेकच्या मुळाशी सुईएवढा उजेड दिसत होता, तोही बुजवला. मग काळाकुट्ट अंधार. आपली फट गेली, गड्या. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

एक काम आहे. पेडलाच्या पत्र्याचे गोल डोक्याचे दोन जुने स्क्रू हरवलेत, इथे मिळेनात. पुण्यात जुन्या बाजारात बघशील? नमुन्याचा एक पाकिटात घातलाय. मिळाले तर पोस्टानं नको पाठवूस, दिवाळीत स्वतः घेऊन ये. पुढची सीट तुझी.

तुझाच