ग्रहणाचा डाग नाही तो

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, खरं सांगा, कॅन्सर आहे का?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. माझाच आवाज निघेना. म्हणून आज वेचणीचे चुकारे करून रात्री लिहायला बसलो.

कॅन्सर नाही. तुझ्या कपाळावर नि गालावर जो लाल डाग आहे, तसंच रक्तवाहिन्यांचं जाळं त्याच बाजूच्या डोळ्यात, पडद्यामागे आहे. ते अंगात पसरत नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे फोटो दाखवले, त्यात हा डोळा आतून पिकल्या टमाटरासारखा लालभडक. त्या जाळ्यातून पाणी झिरपतं आणि पडदा जागेवरून सुटतो. मागच्या खोलीची भिंत ओल धरते तेव्हा लिंपण कसं फुगून येतं, तू पाहिलंच आहे. फळ्यावरची ओळ तुला वाकडी दिसते ती यामुळेच. आपण मात्र चष्म्याचा नंबर बदलत बसलो.

शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. शेक म्हटलं की गावात लोक लगेच कॅन्सर समजतात. तुझा शेक कमी मात्रेचा आहे. एकूण 20 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप), रोज 2 असे 10 दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. घशाच्या कॅन्सरला 60-70 पर्यंत देतात. आधी जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तुझ्या चेहऱ्यावर बसवतील, त्याचा मुखवटा होईल, म्हणजे डोकं हलणार नाही. थोडं कोंदटल्यासारखं होईल. शेक काही मिनिटांचा, दुखत नाही. पाणी आटायला मात्र महिने लागतात, आणि नजर किती परत येईल हे डॉक्टर आज सांगत नाहीत. पुढे त्या डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो. गालावरचा डाग याने जाणार नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर आरशात पाहून उगाच वाट पाहशील.

आता जे लिहायला बसलो ते.

15 जानेवारी 2010 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. तुझ्या आईला पाचवा महिना. तिनं दुपारी वांगी चिरली. जूनमध्ये तू झालीस आणि आजी म्हणाली, "हिनं गिऱ्हानात विळा धरला, म्हनून पोरीच्या तोंडावर डाग आला." पंधरा वर्षं हे घरात चाललंय. लग्नकार्यात बाया तुझ्याकडे पाहतात, मग आईकडे. मी कधी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आणि मनात, राणी, मलाही वाटायचं की नसती चिरली वांगी तर.

नागपूरच्या डॉक्टरबाईंना मी भीत भीत विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जीएनएक्यू नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होते, हे 2013 साली सापडलं. आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही. बाळ पोटात आकार घेत असतं तेव्हा एखाद्या पेशीत आपोआप होते, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांत. मी बोटांवर महिने मोजले. जानेवारीत पाचवा. म्हणजे ग्रहण लागलं तेव्हा तुझा डाग कधीचा ठरून गेला होता! एवढा साधा हिशेब, कापसाचे क्विंटल मोजणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांत केला नाही.

आईला अजून बोललो नाही. उद्या सकाळी बोलणार आहे, आजी चुलीपाशी बसलेली असताना, तिच्यासमोर.

रविवारी दुपारच्या एसटीने आम्ही दोघं अमरावतीला येतो, तिथून तिघं नागपूरला. दहावीची पुस्तकं सोबत घे. डोळ्याच्या प्रेशरचे थेंब चुकवू नकोस, शेक सुरू झाला तरी ते बंद करायचे नाहीत. आणि स्कार्फने तोंड झाकून स्टँडवर उभी राहू नकोस, मला गर्दीत सापडत नाहीस.

तुझे
बाबा