घडीची खुर्ची आणि डॉक्टरांचे गुडघे

कोपनहेगन,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
मधुराचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की दात तपासायच्या एका घडीच्या खुर्चीवर एवढे इंजिनिअर महिनोन्‌महिने काय करत बसले आहेत. एमएस म्हणजे साध्या पोलादाचा पाइप, चार बिजागऱ्या आणि थोडे रेक्झिन दिले, तर कुपवाडच्या आपल्या शेडमध्ये ती आठवड्याभरात उभी राहील. उभी राहील याविषयी मला शंका नाही. अडचण ती आडवी होते तेव्हाची आहे आणि ती फोनवर समजावून सांगण्याजोगी नाही, म्हणून हे सविस्तर पत्र. दादालाही वाचायला द्या, कारण त्याच्याकडे माझे थोडे काम आहे.

आमच्या कंपनीला ही खुर्ची प्रथम इथल्या वृद्धांसाठी हवी आहे. डेन्मार्कमध्ये जे वृद्ध किंवा अपंग नागरिक दवाखान्यापर्यंत जाऊ शकत नाहीत, त्यांच्या दातांची काळजी घेण्याची जबाबदारी नगरपालिकेवर असते आणि त्यासाठी दंतवैद्य आपले सामान घेऊन वृद्धाश्रमात किंवा थेट घरी जातात. पण आराखडा करताना माझ्या डोळ्यांसमोर दादाची जत तालुक्यातली दंतशिबिरे असतात हे मी इथे सर्वांना सांगून ठेवले आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांना तपासतात, तिथेही मूल बसते ते वर्गातल्या बाकावर. रुग्णाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, मागे एखाद्या शिपायाला डोके धरायला उभे करून दादा दात काढतो, तेव्हा रुग्णाचे काम होते. पण दिवसभर कंबरेतून वाकलेल्या दादाची पाठ संध्याकाळी कशी असते, हे वहिनींना विचारा.

दाताच्या खुर्चीचा इतिहास पाहिला तर डॉक्टरांच्या पाठीचा विचार फार उशिरा झालेला दिसतो. अमेरिकेतील जोसाया फ्लॅग या दंतवैद्याने १७९० च्या सुमारास साध्या लाकडी खुर्चीला डोके टेकवण्याची सोय केली, आणि पूर्ण आडवी होणारी खुर्ची यायला १९५८ साल उजाडले. रुग्ण आडवा झाला तेव्हा कुठे डॉक्टरांना स्टुलावर बसून काम करता येऊ लागले, कारण रुग्णाचे तोंड आता त्यांच्या कोपराच्या उंचीवर आले. मात्र बसलेल्या डॉक्टरांचे गुडघे कुठे तरी जायला हवेत, आणि ते जातात रुग्णाच्या पाठीखाली. आमच्या सगळ्या कामाची मेख इथेच आहे.

बाबा, याचा हिशेब तुमच्या आवडीचा आहे. माणसाचे डोके, धड आणि हात मिळून शरीराच्या वजनाचा जवळपास दोनतृतीयांश भाग होतो आणि या भागाचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून सुमारे ३२ सेंटीमीटर वर असतो. ताठ बसलेला माणूस पूर्ण आडवा झाला की हे वजन तेवढेच मागे जाते. पाय पुढे उचलले गेल्याने त्यातले थोडे भरून निघते, तरी संपूर्ण शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे २० सेंटीमीटर मागे सरकतो. दवाखान्यातल्या खुर्चीला हा प्रश्नच पडत नाही, कारण तिचा जड पाया जमिनीवर खिळलेला असतो. घडीच्या खुर्चीला मागे आणखी पाय द्यावे लागतात, आणि ते नेमके तिथे येतात जिथे डॉक्टरांचे गुडघे असायला हवेत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त खुर्च्यांपैकी कित्येकांचा आडवा दांडा असा आहे, की डॉक्टरांना पाय फाकवून किंवा तिरके बसूनच काम करावे लागते. म्हणजे ज्या पाठीसाठी खुर्ची घेतली ती पाठ होती तशीच राहते.

यावर आम्ही काढलेला उपाय असा, की पाठ खाली जाऊ लागली की बैठक दोन छोट्या रुळांवरून पुढे सरकते. वीसपैकी साधारण १४ सेंटीमीटर असे परत मिळतात आणि उरलेल्या सहांसाठी मागचे पाय फार लांब काढावे लागत नाहीत. बैठकीखालून निघून ते दोन्ही बाजूंना जमिनीलगत फाकतात, म्हणजे मधली जागा मोकळी राहते. पाठीला प्लायवुड आणि फोम न देता ताणून बसवलेले जाड कापड दिले आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मांडीसाठी वरून आणखी जागा मिळते. याची किंमतही आहे. रुळांमुळे वजन वाढले आणि धूळ शिरायला एक जागा झाली. शिवाय ताणलेल्या कापडावर छाती दाबण्याची क्रिया नीट होत नाही, तिला खालून टणक आधार लागतो. म्हणून हृदय बंद पडल्यास रुग्णाला तात्काळ जमिनीवर घ्यावे, असे आम्ही सूचनापत्रकात स्पष्ट लिहिले आहे.

दुसरे टोक आम्हाला दादाने दाखवून दिले. त्याने फोनवर सहज सांगितले, की गावाकडची माणसे अशा खुर्चीवर आधी पाय ठेवण्याच्या टोकाशी, बाजेवर बसावे तशी बाजूने टेकतात, चपला काढतात आणि मग मागे सरकतात. इथले वृद्धही वेगळे काही करत नाहीत, हे नंतर पाहिले. त्या क्षणी सगळे वजन खुर्चीच्या अगदी टोकावर असते, म्हणून खुर्ची आडवी असताना पायाकडचा भाग ठरावीक वजनापलीकडे आपोआप खाली वाकून जमिनीला टेकावा, अशी रचना केली आहे. आंतरराष्ट्रीय मानकात विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी रुग्णाचे वजन १३५ किलो धरतात. आमच्या खुर्चीत वीज नाही, तरी तोच आकडा घेऊन सांगाडा आम्ही चौपट भाराला, म्हणजे ५४० किलोंना तपासतो. तसेच ५ अंशांच्या उतारावर ती सर्वांत वाईट स्थितीतही कलंडता कामा नये. ५ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण एका मीटरला ते जवळजवळ ९ सेंटीमीटर होतात.

आता तुमचा एमएस पाइप. विमानात एका बॅगेला सहसा २३ किलोची मुभा असते, आणि गंमत अशी, की अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रातही एका माणसाने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा २३ किलोच धरली आहे. परंतु ती आदर्श परिस्थितीतली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात औजारांची पेटी आणि समोर जिना असेल तर ती लागू होत नाही, म्हणून आम्ही स्वतःला १५ किलोंचे बंधन घालून घेतले आहे. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या एकतृतीयांश असते हे खरे, पण ताठपणालाही एकतृतीयांशच, म्हणजे त्याच मापाचा पाइप घेतला तर तो तिप्पट वाकेल. मात्र पाइपच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिलिमीटरच्या पोलादी पाइपऐवजी ३६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पाइप घेतला, की ताठपणा जवळपास तेवढाच राहून वजन निम्मे होते. फक्त वेल्डिंगला हा धातू रुसतो. आम्ही वापरतो तो ६०८२ मिश्रधातू उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो आणि वेल्डच्या आसपास त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. म्हणून सांधे वेल्ड न करता बोल्टने आवळले आहेत आणि सगळ्या पिना, बुश (पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या) व त्यांना धरणाऱ्या कानपट्ट्या सध्या पोलादाच्या ठेवल्या आहेत. ॲल्युमिनियमला लागणारे टिग वेल्डिंग तालुक्याच्या गावात सहसा मिळणार नाही. पण ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि आपोआप ढिला न होणारा नायलॉक नट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

खरा शत्रू म्हणजे सांध्यातला खेळ, म्हणजेच ढिलेपणा. तुम्ही जिगवर (भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) वेल्डिंगचा पहिला टाका मारण्याआधी दहा वेळा गुण्या लावायचात, त्याचे महत्त्व मला इथे आकड्यांत कळले. पाठीच्या कुलपाची खाच बिजागरीपासून ४० मिलिमीटरवर आहे आणि डोके ८०० मिलिमीटरवर; खाचेत ०.२ मिलिमीटरचा खेळ असला तर डोक्यापाशी तो ४ मिलिमीटर होतो. झोके घ्यायच्या खुर्चीत हे चालेल. दातात ड्रिल फिरत असताना चालणार नाही. घडी घालायची म्हणजे सांधे आलेच, आणि सांधे आले की झीज आली. त्यामुळे बुश बदलता येतील असे केले आहेत आणि खाच निमुळती ठेवली आहे, म्हणजे ती झिजली तरी कुलपाचा दाता आणखी आत जाऊन घट्ट बसतो.

याच संदर्भात इथल्या डिझाइन संग्रहालयात मी एका खुर्चीसमोर बराच वेळ घालवला. हे संग्रहालय ब्रेडगाडे रस्त्यावरच्या जुन्या फ्रेडरिक्स हॉस्पिटलच्या अठराव्या शतकातील इमारतीत आहे आणि तिचे संग्रहालयात रूपांतर करणाऱ्यांपैकी एक, कोरे क्लिंट, हे डॅनिश फर्निचरकलेतले फार मोठे नाव. त्यांची १९३३ ची सफारी खुर्ची जगभर गाजली, पण तिचा मूळ नमुना आपल्याकडचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या छावणीतील लष्करी अभियंत्यांनी केलेली, सुटी करून पिशवीत भरता येणारी ती खुर्ची! तिच्यात डिंक नाही, खिळा नाही. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांतल्या तशाच निमुळत्या भोकांत बसतात. माणूस बसला की वजनाने सांधे आवळले जातात आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. ही युक्ती मला मोहात पाडणारी होती. पण रुरकीची खुर्ची जमिनीशी जुळते ती सगळा सांगाडा थोडा मुरगळू देऊन, आणि आम्हाला वरचा भाग मुळीच मुरगळलेला चालत नाही. म्हणून जमिनीशी जुळवून घेण्याचे काम फक्त पुढच्या पायावर सोपवले. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल जसा मधल्या पिनेवर डुलतो, तसा हा पाय डुलतो आणि काही अंशांनंतर अडतो. माझ्या सहकाऱ्यांनी चारही पायांना फिरवायचे स्क्रू सुचवले होते. मी विरोध केला. रांगेत शंभर मुले उभी असताना खाली वाकून स्क्रू फिरवणारा डॉक्टर मला तरी माहीत नाही.

लहान मुलांमुळे आणखी एक बंधन आले. घडीची कुठलीही वस्तू म्हणजे मूळची कात्रीच. मानकाप्रमाणे हलत्या भागांतली फट मोठ्यांच्या बोटांसाठी ८ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त हवी, आणि मुलांसाठी खालची मर्यादा ४ मिलिमीटर आहे. या एका नियमाने अर्धी कागदावरची सुंदर चित्रे बाद झाली.

सुई पाहूनच भोवळ येणारे रुग्ण दादाला नवीन नाहीत. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब आडवे करून पाय वर घ्यावे लागतात, म्हणून सोडण्याची कळ दोन्ही बाजूंना दिली आहे आणि ती एकाच हालचालीत सुटते. मात्र धक्का लागून सुटू नये यासाठी तिला आधी थोडे वर उचलावे लागते. पाठ धाडकन पडू नये म्हणून गॅस स्प्रिंग लावावी असा बहुतेकांचा आग्रह होता. पण वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. इथल्या ५ अंशांत बेतलेली स्प्रिंग जतच्या उन्हाळ्यात ४५ अंशांना सुमारे १४ टक्के जास्त जोर लावेल, आणि सील गेले तर ती गावात दुरुस्त होणार नाही. त्याऐवजी साधी पोलादी स्प्रिंग आणि घर्षणाची चकती वापरावी, असे माझे मत आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.

कापडाविषयी थोडक्यात: शिवण नको, कारण टाक्यांच्या भोकांत रक्त आणि लाळ मुरते, कडा उष्णतेने जोडलेल्या आहेत आणि कापड हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने रोज पुसले तरी टिकते का, याच्या चाचण्या चालू आहेत. कागदपत्रांचे तर विचारू नका. वीज नसलेली ही खुर्ची युरोपीय नियमांत सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात येते, तरीही तिची फाइल खुर्चीपेक्षा जड होईल असे दिसते.

आता काम. दादाला सांगा, की पुढच्या शिबिरात शाळेच्या व्हरांड्याचा उतार मोजून कळवावा. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून तो दिलेला असतो आणि मला त्याचे खरे आकडे हवे आहेत. त्याच्या स्टुलाची उंची आणि बसल्यावर जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतरही हवे. तुमच्याकडून मला बुश हवे आहेत: १२ मिलिमीटरच्या पिनेसाठी, एक गनमेटलचा आणि एक नायलॉनचा, लेथवर तुमच्या हाताने काढलेले. इथे ते मिळतात, पण कुपवाडला काढायला काय खर्च येतो आणि किती खेळ राहतो, ते मला पाहायचे आहे. चित्र वेगळे पाठवले आहे. माप पटले नाही तर त्यावरच लाल पेनने दुरुस्ती करून पाठवा.

सौ. आईस व वहिनींस सा. न., मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुमची,
मधुरा